बिनविरोध राजा

विनायकराव साकल्ल्यांचा राजीनामा कोणी घेतच नव्हतं. गेली बरीच वर्षं ते तो देत होते आणि दर वर्षी तो जसाच्या तसा त्यांच्याबरोबर घरी परत येत होता. बरं, ही काही मंत्रिपदाची खुर्ची नव्हती. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याची टाउनशिप, तिथलं मराठी मंडळ आणि त्या मंडळाचं अध्यक्षपद. पगार नाही, भत्ता नाही, उलट येणाऱ्याजाणाऱ्याचा चहा पदरचा. एवढ्याशा गोष्टीतून सुटायला माणसाला काय लागतं? पण आपल्या लोकांत नको म्हणण्याची एक रीत आहे आणि ते नको न ऐकण्याचीही एक रीत आहे. या दोन रीतींच्या मध्ये जो सापडला त्याचं काही खरं नाही.

जेवायला बसलेल्यानं ताटावर हात आडवा धरून 'पुरे पुरे' म्हणायचं आणि वाढणारीनं ते मनावर न घेता बोटांच्या फटीतून श्रीखंड सोडायचं, हे ज्यानं पाहिलंय त्याला मंडळाची वार्षिक सभा वेगळी समजावून सांगायला नको. गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी संध्याकाळी आरतीनंतर सभा भरायची. विनायकराव उठायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, आता तरुणांनी पुढं यावं, मला मोकळं करावं. पुढच्या दोन रांगांतून 'छे छे काका, तुमच्याशिवाय कोण' असा गलका व्हायचा. ते पुन्हा नको म्हणायचे, जरा खालच्या आवाजात. मग कोणीतरी नाव सुचवायचं, कोणीतरी अनुमोदन द्यायचं, टाळ्या पडायच्या आणि इतिवृत्तात 'बिनविरोध' लिहिलं जायचं. प्रसाद वाटेपर्यंत लोक निम्मे घरीसुद्धा पोचलेले असायचे.

सुरुवातीची वर्षं विनायकरावांचं नकोही तसलंच होतं, हे सांगून टाकलेलं बरं. तेव्हा कोणी खरोखरच 'ठीक आहे' म्हणालं असतं तर त्यांनी अंथरूण धरलं असतं. पण अलीकडे ते थकले होते. वर्गणीसाठी जिने चढून थकले, मांडववाल्याशी घासाघीस करून थकले, नाटकाच्या तालमीत कोण कोणाशी बोलत नाही ते सांभाळून थकले. आता त्यांना मनापासून नको होतं. अडचण एवढीच, की मनापासूनच्या नकोसाठी त्यांच्याकडे वेगळे शब्द नव्हते. तेच वाक्य, तोच चष्मा पुसणं, तोच गलका.

आणि या वर्षी तर सुटायलाच हवं होतं. मनोरमाबाईंचे गुडघे संपले होते. क्वार्टर पहिल्या मजल्यावर, निवृत्तीनंतर भाडेपट्ट्यानं घेतलेलं. खाली उतरायचं म्हणजे कठड्याला धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायचं, आणि चढताना तर मधल्या वळणावर बसायलाच लागायचं. कारखान्यानं लोकांना मुदतीआधी निवृत्ती द्यायला सुरुवात केल्यापासून टाउनशिप ओस पडत चालली होती. त्यांच्या ब्लॉकमध्ये बहुतेक दारांना कुलपं, अंगणात कमरेइतकं गाजरगवत आणि गच्चीवर माकडं. मनोरमाबाईंचं माहेरकडून आलेलं दोन खोल्यांचं घर उज्जैनला होतं, तळमजल्यावर, धाकट्या बहिणीच्या, सुशीलाच्या, शेजारच्याच गल्लीत. तिथला भाडेकरू निघून गेला होता. भाच्यानं कळवलं होतं की मावशी, दसऱ्यापर्यंत येत असाल तर या, नाहीतर मी दुसरं बिऱ्हाड बघतो, घर बंद ठेवलं की वाळवी लागते. तेव्हा मनोरमाबाईंनी नवऱ्याला समोर बसवून विचारलं आणि विनायकरावांनी त्यांची गळ्याशपथ घेऊन सांगितलं, या गणपतीला सोडतो.

शपथ घेतली खरी, पण सोडायचं कसं याचा विचार करायला लागल्यावर त्यांना ती चित्रं आठवली.

ती चित्रं म्हणजे त्यांच्या आयुष्यातलं एक मोठंच प्रकरण होतं. कारखाना नवा होता तेव्हा विलायतेहून आलेले इंजिनिअर टाउनशिपमधल्या बंगल्यांत राहायचे. त्यातला एकजण परत जाताना घरचं सामान विकत होता. लोक फ्रिज आणि खुर्च्यांभोवती जमले होते आणि ड्रॉइंग ऑफिसमधला पंचविशीचा विनायक साकल्ले मात्र व्हरांड्यातल्या तीन चौकटींपुढं खिळून उभा होता. साहेबानं त्या काढून त्याच्या हातात ठेवल्या आणि पैसे घेतले नाहीत. तांब्याच्या पत्र्यावर सुईसारख्या हत्यारानं कोरून छापलेली जुनी युरोपी चित्रं होती ती, दोनअडीचशे वर्षांपूर्वीची असावीत. रंगाचा ठिपका नाही. सावलीसुद्धा रेघांचीच, जिथं गडद हवी तिथं रेघा दाट. जन्मभर रेघा मारून पोट भरणाऱ्या माणसाला याहून दुसरं काय हवं असणार?

पहिल्या चित्रात राजा उंच खुर्चीत बसलाय. खुर्चीला पाय नाहीत, ती एका वाकलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीवर ठेवलीय. बाजूला न्यायाचा तराजू, त्याचं एक पारडं खुर्चीच्या दांडीला दोरीनं बांधून टाकलेलं. पायाशी एक कुत्रा राजाचं ताट चाटतोय. दुसऱ्या चित्रात लोक जमलेत, खुर्चीला दोर लावून ओढतायत, राजा उलटा पडतोय, केसांचा टोप एकीकडे, मुकुट दुसरीकडे. कुत्रा एव्हाना दोर ओढणाऱ्यांच्या खिशाचा वास घेतोय. तिसऱ्यात खुर्ची तीच, पण आत बंडवाल्यांची मऊ टोपी घातलेला दुसराच माणूस. कुत्रा जागेवर. म्हातारा जागेवर, तितकाच वाकलेला.

या चित्रांवर विनायकराव व्याख्यान द्यायचे. मंडळाच्या व्याख्यानमालेत ऐन वेळी पाहुणा आला नाही की ते चौकटी घेऊन उभे राहात आणि कोण म्हणजे काय ते उलगडून सांगत. म्हातारा म्हणजे रयत, तराजू म्हणजे कायदा. पुढं पुढं पोरांना पाठ झालं होतं. 'कुत्रा म्हणजे?' असं त्यांनी विचारलं की अख्खी पोरांची रांग 'दरबारी' म्हणून ओरडायची.

नुसतं व्याख्यानच नाही, या चित्रांनी मंडळात एकदा क्रांतीही केली होती. मंडळाचे पहिले अध्यक्ष देवसाहेब. कारखान्यातले बडे अधिकारी. त्यांची गाडी आल्याशिवाय आरती सुरू व्हायची नाही, पुढचा कोच त्यांचा आणि नाटक कोणतं बसवायचं ते त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर ठरायचं. तरुण विनायकनं एका गणपतीत पहिलं चित्र ट्रेसिंग पेपरवर उतरवलं, राजाच्या तोंडात देवसाहेबांचा पाइप दिला आणि मंडळाच्या भित्तिपत्रकात लावून टाकलं. मोठा गहजब झाला. सभेत मंडळाच्या इतिहासातलं पहिलं आणि शेवटचं मतदान झालं आणि देवसाहेब हरले. ते शांतपणे उठले, सगळ्यांना नमस्कार केला, गाडीत बसले आणि पुन्हा कधी मांडवाकडे फिरकले नाहीत. विनायक अध्यक्ष झाला. त्यानंतर पहिली दोन चित्रं त्यांच्या बैठकीत दर्शनी भिंतीवर लागली. तिसऱ्याला तिथं जागा पुरली नाही म्हणून ते आतल्या खोलीत दारामागं गेलं.

तर विनायकरावांनी ठरवलं असं, की जे आपण देवसाहेबांना केलं तेच या पोरांकडून स्वतःला करवून घ्यायचं. यंदाचा देखावा या चित्रांचाच करू द्यायचा. लोकांना राजा दिसेल, राजाच्या जागी आपण दिसू, चार माणसं कुजबुजतील, एखादा तापट पोरगा सभेत उठेल आणि मग कोणाला आग्रह करायचं तोंडच उरणार नाही. स्वतःविरुद्ध बंड घडवून आणण्याची वेळ राजावर यावी यातलं हसू त्यांना समजत होतं, पण हसायचंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

मंडळाचा चिटणीस शंकर बोकील. चाळिशीचा, बँकेत नोकरी, जन्म भोपाळचाच, बायको लग्न होऊन अकोल्याहून आलेली. मोठा उत्साही माणूस आणि स्वभावानं इतका मऊ की रिक्षावाल्यानं जास्त मागितले तरी त्यालाच थँक्यू म्हणायचा. विनायकरावांनी त्याला घरी बोलावलं, भिंतीवरची चित्रं दाखवली आणि देखावा सुचवला.

"काका, आयडिया एकदम बढिया आहे," शंकर म्हणाला. "लोकांना कनेक्ट होईल."

"पहिली दोन घ्या. आणि खुर्चीतला माणूस लोकांना ओळखू आला पाहिजे. माझी भीड ठेवू नकोस."

शंकरनं चित्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे जरा ओलावल्यासारखे वाटले. "काका, आम्ही सगळं समजतो," तो म्हणाला, आणि वाकून नमस्कार करून गेला.

विनायकराव खूश झाले. मनोरमाबाई स्वयंपाकघरात पाटावर बसता येत नाही म्हणून खुर्चीत बसून गवार मोडत होत्या. त्यांना सगळा बेत सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ नको का म्हणत नाही? विनायकराव म्हणाले, म्हणतोच की दर वर्षी. त्यावर त्या म्हणाल्या, तुमचं नको म्हणजे दुसऱ्या वेळच्या भाताला म्हणायचं नको, त्यानं कोणी वाढायचं थांबतं का? विनायकरावांना राग आला, पण त्यात खोटं काही नव्हतं.

गणपती बसला त्या संध्याकाळी देखाव्यावरचा पडदा सरकला. विनायकराव मुद्दाम मागे उभे राहिले होते, लोकांचे चेहरे दिसावेत म्हणून. पडदा गेला आणि एकदम टाळ्या झाल्या. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं.

समोर वाकलेला म्हातारा होता. थर्माकोलचा, चांगला दीड माणूस उंचीचा. त्याला जाड काड्यांचा चष्मा होता, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट होता आणि खिशाला दोन पेनं होती. चेहरा विनायकरावांचा होता, अगदी हुबेहूब. त्याच्या पाठीवर खुर्ची होती, पण खुर्चीत राजा नव्हता. खुर्चीत वाचनालयाचं कपाट, नाटकाचे मुखवटे, व्याख्यानाचा माइक आणि वर छोटासा गणपती. खाली एम. पी. नगरातून छापून आणलेला फ्लेक्स, 'ज्यांच्या पाठीवर आपलं मंडळ उभं आहे'. दोर नव्हते, पडणारा राजा नव्हता, कुत्राही नव्हता. तराजू तेवढा होता, पण त्याची दोन्ही पारडी समान करून टाकली होती.

आता इथं विनायकरावांनी कपाळावर हात मारायला हवा होता. बेत पार फसला होता. पण झालं भलतंच. लोक वळून त्यांच्याकडे पाहात होते, बायका लेकरांना बोट करून दाखवत होत्या, आणि या माणसाला खरोखर वाटायला लागलं की हो, हेच खरं चित्र आहे, आपण राजा कधी नव्हतोच, खालचा म्हातारा होतो. इतकी वर्षं वाकून उभे आहोत, म्हणून तर पाठ दुखते. त्यांना ते चित्र फार आवडलं. डोळे पुसायला त्यांना रुमाल काढावा लागला.

जरा वेळानं भानावर येऊन त्यांनी शंकरला बाजूला घेतलं आणि राजा कुठं गेला ते विचारलं. शंकर ओशाळला. म्हणाला, राजा थोडा निगेटिव्ह वाटत होता काका, आणि ती पाडापाडी, सगळे म्हणाले की गणपतीत अशुभ कशाला. विनायकरावांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. चिडायला हवं होतं तिथं आपण थोपटतोय हे त्यांच्या लक्षात आलं, पण हात थांबला नाही.

मनोरमाबाई तिसऱ्या दिवशी आरतीला आल्या. जिना उतरायला वेळ लागतो म्हणून त्या दुपारीच निघाल्या होत्या. मांडवात बायकांनी त्यांना पुढं खुर्ची दिली आणि त्या आरतीभर देखाव्याकडे पाहात बसल्या. परतीच्या रिक्षात विनायकराव त्या काही म्हणतील म्हणून वाट पाहात होते. शेवटी त्यांनीच विचारलं, कसं वाटलं?

"तो वाकलेला माणूस तुम्ही नाही," मनोरमाबाई म्हणाल्या.

"मग कोण?"

"मला काय विचारता? जन्मभर त्या चित्रांचा अर्थ तुम्हीच सांगत आलात."

रिक्षा खड्ड्यांतून जात होती आणि मनोरमाबाईंनी दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवला होता. मग त्या बोलायला लागल्या, आवाज न चढवता, वाण्याची यादी सांगावी तसं. व्याख्यानमालेचे पाहुणे कुठं उतरायचे? आपल्या घरी. नागपूरच्या एकाला पहाटे अंघोळीला कढत पाणी लागायचं आणि तेव्हा चूल म्हणजे कोळशाची शेगडी. पुण्याच्या दुसऱ्याला वांगं चालायचं नाही, बटाटा चालायचा नाही आणि तरी रोज वेगळी भाजी हवी. एकजण तापानं पडला तो दहा दिवस आपल्याच पलंगावर होता आणि आपली वंदना तेव्हा मॅट्रिकला, ती पोर स्वयंपाकघरात खाली बसून अभ्यास करायची. नाटकाच्या तालमी आपल्या बैठकीत, त्यांचा चहा आपल्या गॅसवर.

"देवसाहेबांकडे आचारी होता," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे मी होते."

विनायकरावांनी जरा रागानंच विचारलं, म्हणजे मी राजा का?

"राजासुद्धा नाही. राजाला पाडायला कोणीतरी येतं. तुम्हाला पाडायला कोणी येणार नाही, कारण तुम्ही चांगले आहात. हीच तर पंचाईत आहे."

जिन्याच्या वळणावर त्या बसल्या तेव्हा विनायकराव दोन पायऱ्या खाली उभे राहिले. ब्लॉकमध्ये दिवा नव्हता. त्यांनी दसऱ्याला नक्की जाऊ एवढंच सांगितलं. मनोरमाबाई हूं म्हणाल्या.

सातव्या दिवशीची सभा. या वेळी विनायकरावांनी तयारी केली होती. आरशापुढं उभं राहून त्यांनी वाक्य घोकलं होतं, की आम्ही उज्जैनला राहायला जातोय, तेव्हा मी अध्यक्ष राहूच शकत नाही. साधं, सरळ, आग्रहाला जागा न ठेवणारं वाक्य. त्यांना वाटलं, एवढं सांगितलं की झालं.

पण सभेआधी सत्कार निघाला. शंकरनं टी. टी. नगरातून शाल आणली होती, श्रीफळ होतं आणि मानपत्रही होतं, ते नलिनीताई ओकांनी वाचलं. नलिनीताई शाळेत मराठी शिकवायच्या, त्यांचा आवाज चांगला आणि भाषा त्याहून चांगली. विनायकरावांनी काय काय केलं ते त्या वाचत गेल्या आणि ऐकताना स्वतः विनायकरावांनाच आश्चर्य वाटायला लागलं. शाल खांद्यावर पडली. ती ऊबदार होती. मग ते बोलायला उभे राहिले आणि त्यांनी चष्मा पुसला.

चष्मा पुसला तिथंच सगळं बिघडलं. त्या हालचालीबरोबर तोंडात जुनंच वाक्य आलं, आता तरुणांनी पुढं यावं. त्यांनी घाईघाईनं उज्जैनचंही सांगितलं, पण ते मागून आलं, पुस्ती जोडल्यासारखं. शंकरनं नलिनीताईंकडे पाहिलं, नलिनीताईंनी खाली पाहिलं. आणि मग पुढच्या रांगेतून, सवयीनं असेल, बरं दिसावं म्हणून असेल, एक आवाज आला, "छे छे, काका." एकानं म्हटल्यावर दुसऱ्याला गप्प बसणं शोभेना. उज्जैन काय, तीन तासांवर तर आहे. तिथून येऊन जाऊन करा. नाव तुमचंच पाहिजे. विनायकराव दुसऱ्यांदा नको म्हणाले. गलका वाढला. तिसऱ्यांदा नको म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना जाणवलं की गळ्यात काहीतरी गोड उतरतंय. या लोकांना आपण हवे आहोत. उज्जैनहून येऊन जाऊन जमेलही कदाचित. महिन्यातून दोन खेपा. ते खाली बसायलाच लागले होते.

तेवढ्यात रीतीप्रमाणं नलिनीताईंनी मनोरमाकाकूंना ओटी भरायला व्यासपीठावर बोलावलं. दोघींनी धरून त्यांना वर चढवलं. ब्लाउजपीस, नारळ, कुंकू झालं आणि शंकर माइक पुढं करून म्हणाला, काकू, दोन शब्द. हेही दर वेळचंच. बाईनं मान हलवायची, पदर सावरायचा आणि खाली उतरायचं. मनोरमाबाईंनी नारळ नलिनीताईंच्या हातात दिला आणि माइक घेतला.

"मला बोलायची सवय नाही," त्या म्हणाल्या. "हे नको म्हणतात आणि तुम्ही आग्रह करता, ते तुमचं प्रेम आहे. पण मला आता जिना चढवत नाही. दसऱ्याला आम्ही जाणार. येऊन जाऊन काही होणार नाही. आजच दुसरा अध्यक्ष निवडा. हे मी रीत म्हणून बोलत नाही."

माइक परत देऊन त्या तिथल्याच खुर्चीवर बसल्या. मांडवात समईची वात नीट करायला उठलेली एक बाई तशीच उभी राहिली.

विनायकरावांचा चेहरा तापला. भर सभेत बायकोनं असं बोलावं? ते वाट पाहू लागले. आता 'छे छे काकू' येईल, मग आपण मध्ये पडू, हसून काहीतरी बोलू आणि सावरून घेऊ. ते वाट पाहात राहिले. 'छे छे' आलंच नाही. त्यांनी पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत नजर फिरवली. ही सगळी तोंडं ते वर्षानुवर्षं ओळखत होते, निम्म्यांच्या बारशाला गेले होते. त्या तोंडांवर राग नव्हता, दुःख तर नव्हतंच. बराच वेळ गप्पा मारत बसलेला पाहुणा एकदाचा चपला घालायला उठला की घरच्यांचे खांदे जसे सैल पडतात, तसे सगळ्यांचे खांदे सैल पडले होते.

"काकू म्हणतायत तर मग," शंकर हळूच म्हणाला.

नलिनीताईंनी शंकरचं नाव सुचवलं. मागून अनुमोदन आलं. शंकर म्हणाला, मी कसा, मला कसं जमेल, आणि समोरून लगेच 'छे छे, तुम्हीच' झालं. तो पुन्हा नको म्हणाला, जरा खालच्या आवाजात. टाळ्या पडल्या. सगळं इतकं पटकन उरकलं की प्रसादाचा शिरा अजून गरम होता. शंकरनं दोन शब्द बोलताना पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा आणायचं सांगितलं आणि व्याख्यानमालेला हल्ली कोणी येत नाही, तेव्हा तिचा फेरविचार करावा लागेल, असंही भीत भीत सांगितलं. त्यावर सगळ्यात जास्त टाळ्या झाल्या.

विनायकरावांना हवं होतं ते मिळालं होतं. इतकी वर्षं मागत होते ते. आणि त्यांना असं वाटत होतं की आपल्याला कोणीतरी भरल्या ताटावरून उठवलं.

शंकरनं गाडीतून घरापर्यंत सोडलं, जिन्यापर्यंत आला, दोघांच्या पाया पडला आणि गेला. मनोरमाबाई कठडा धरून चढू लागल्या. विनायकराव मागून, शाल काखेत मारून. वळणावर त्या नेहमीसारख्या पायरीवर बसल्या तेव्हा विनायकरावांच्यानं राहवलं नाही.

"एकानंही थांबा म्हटलं नाही. एकानंही."

मनोरमाबाई गुडघा चोळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"सत्कार निरोपाचाच होता," त्या म्हणाल्या. "देखावाही. एवढा मोठा मान केला की काका आपणहून मोकळे होतील, असं त्यांना वाटलं. पण तुम्ही उठून नको म्हणालात. मग ते तरी काय करणार? आग्रह करावाच लागला."

"तुला कोणी सांगितलं?"

"नलिनीनं. ती तर किती वर्षं विचारतेय. दर हळदीकुंकवाला. काकू, काकांचं मन वळवा ना, नव्या लोकांना काही करू द्या. शंकरची बायको विचारायची. सगळ्याच विचारायच्या."

विनायकराव पायरीवर बसले. शाल खाली घसरली ती त्यांनी उचलली नाही. किती वर्षं म्हणजे किती, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. तितकी वर्षं हा जिना होता, हे गुडघे होते, आणि हिनं नुसतं एक वाक्य त्यांना सांगितलं असतं तर ते त्याच दिवशी खुर्ची सोडून उज्जैनला निघाले असते.

"मग मला का नाही सांगितलंस?"

मनोरमाबाईंनी कठडा धरला आणि उठायला लागल्या. त्यांनी एक पाय वरच्या पायरीवर ठेवला, मग दुसरा त्याच्याशेजारी आणला.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," त्या म्हणाल्या.

विनायकरावांना लाज वाटली. आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली, आणि तिच्याबद्दल पोटातून माया दाटून आली. यातलं काहीही बोलून दाखवायची सवय त्यांच्या घरात कधी नव्हती. ते उठले आणि तिच्या बाजूनं, तिच्याच चालीनं, एकेका पायरीवर थांबत वर चढू लागले.